आईबाबांसाठी असिस्टेड लिव्हिंग बघताना तिथे सोशल वर्कर आहे का, हे विचारता का?

शेवंती

नमस्कार मंडळी. इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं की पुण्यात, ठाण्यात, नाशकात आईसाठी चांगलं असिस्टेड लिव्हिंग सुचवा, आणि मग खाली प्रतिसादांत जेवण कसं, खोली केवढी, डॉक्टर रोज येतात का, डिपॉझिट किती, कॅमेरे आहेत का. हे सगळं विचारायलाच हवं. पण मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स पदवी) आहे, आधी हॉस्पिटलमध्ये होते आणि आता बरीच वर्षं ज्येष्ठांच्या केंद्रात काम करते, आणि नातेवाईक मंडळींकडून एक प्रश्न मला जवळजवळ कधीच ऐकू येत नाही, तो म्हणजे तुमच्याकडे सोशल वर्कर आहे का, रोज असते का आणि ती नक्की काय करते. म्हणून हा धागा.

आधी थोडं कामाचं. असिस्टेड लिव्हिंग कुणासाठी, तर ज्यांना हॉस्पिटलची गरज नाही पण रोजच्या गोष्टींना हाताशी माणूस लागतं त्यांच्यासाठी. आंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं, या सहा गोष्टी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली मांडल्या आणि आजही ॲडमिशनच्या वेळी आम्ही याच सहा बघतो. कशाला मदत लागते, किती लागते, त्यावर मावशी-मामा (म्हणजे हाताखाली मदतीला असणारी माणसं) किती द्यायचे आणि महिन्याचं बिल किती ते ठरतं.

पण या फॉर्मवर माणूस कळत नाही. एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक आजोबा आले, पार्किन्सन्स आणि थोडा विसराळूपणा. आंघोळीला प्रचंड विरोध, मामांना ढकलायचे, ओरडायचे. आठवड्याभरात हँडओव्हरच्या वहीत 'ॲग्रेसिव्ह' असा शेरा पडला आणि झोपेची गोळी वाढवावी का अशी चर्चा सुरू झाली. मी त्यांच्या मुलीला फोन करून तासभर बोलले. आजोबा एसटीत ड्रायव्हर होते, रात्रीच्या मुक्कामी गाड्या चालवलेल्या, पहाटे डेपोच्या नळावर बादली भरून तांब्याने अंगावर पाणी घ्यायची आयुष्यभराची सवय. आमच्याकडे शॉवर, तोही सकाळी दहाला, डोक्यावर एकदम पाणी, आणि अंगावर कपडा नसताना समोर दोन अनोळखी माणसं. दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर बसवून, कंबरेला पंचा, बादली आणि तांब्या त्यांच्या हातात, वेळ सकाळी सहाची. पहिल्या दिवशी कुरकुर केली, पण चार-पाच दिवसांत स्वतः हाक मारून पाणी तापलं का विचारायला लागले. गोळी वाढवली नाही. वहीतला तो शेरा मी खोडायला लावला, कारण नवीन शिफ्टचा मामा तो वाचूनच खोलीत शिरणार आणि आजोबांशी तसाच वागणार.

हे नर्सनेही करता येतं, काही नर्स करतातही. पण तिच्यामागे तीस जणांच्या गोळ्या, शुगर, बीपी, कॅथेटर, बेडसोरवाल्यांना दर दोन तासांनी कूस बदलणं असतं. फोन करून तासभर ऐकून घ्यायला कुणीतरी त्या कामासाठीच नेमलेलं लागतं.

---

मुठाकाठ

धाग्याबद्दल धन्यवाद, फार गरजेचा विषय. मी सध्या बाबांसाठी शोधतेय आणि खरंच हा प्रश्न डोक्यातच आला नव्हता. ताई, सोशल वर्करचं काम म्हणजे भजन, वाढदिवस, गणपतीची आरास वगैरे ॲक्टिव्हिटी घेणं असंच मला वाटायचं. त्यापलीकडे रोजचं काय असतं ते जरा सविस्तर लिहाल का?

---

शेवंती

@मुठाकाठ, ॲक्टिव्हिटी हा एक भाग झाला, आणि तोही महत्त्वाचा. पण खरं काम ॲडमिशनच्या आधी सुरू होतं. शक्य असेल तर मी घरी जाऊन भेटते. पलंग कुठल्या बाजूला आहे, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवतात का, गोळ्यांचा डबा कोण भरतं, आजींशी घरात कोण बोलतं आणि कोण बोलत नाही, हे घरातच दिसतं. आणि एक गोष्ट मी त्यांना एकटीला विचारते, मुलं खोलीबाहेर असताना, की तुम्हाला यायचंय का? पुष्कळदा उत्तर नाही असं असतं. मग का नाही ते समजून घ्यायचं. कधी कारण असतं मागच्या अंगणातलं मांजर, कधी असतं की माझ्यामागे सुनेला घरातून काढतील. कारण कळलं की निम्म्या वेळा मार्ग निघतो, आणि कधी असंही ठरतं की आत्ता येऊच नये, घरी बारा तासांची बाई आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी एवढ्याने भागेल. असं सांगितलं की मालक मंडळींना एक बेड कमी भरला म्हणून वाईट वाटतं, पण तेही सांगायला हवं.

नंतर मग केअर प्लॅन, दर दोन-तीन महिन्यांनी घरच्यांसोबत बसणं, पैशांचे वाद, बँकेत हयातीचा दाखला, हॉस्पिटलला हलवायचं तर कुणाला आधी कळवायचं, जुने मित्र कुठे आहेत ते शोधून फोन लावून देणं. मावशींची भांडणंसुद्धा. ब्यूरोकडून आलेल्या पोरी गावाकडून येतात, त्यांचंही घर असतं, डबल शिफ्ट करून करून त्या दमलेल्या असतात आणि दमलेल्या माणसाचा हात कडक लागतो. त्यांच्याशी बोलणं हा माझ्या कामाचा भागच आहे असं मी मानते.

---

हिशोबी

विषय चांगला आहे पण व्यवहाराचं बोलू. आम्ही पुण्याच्या आसपास बरीच ठिकाणं बघितली, पूर्ण झोपून असलेल्या माणसाला डायपर आणि औषधं वेगळी धरून महिन्याला चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातं. त्यात आणखी एक पगार घातला की तो बिलातच येणार. मॅनेजर असतोच की, तो बोलतो नातेवाईकांशी. शिवाय आता कायदेही आलेत, महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली, दरवाजे किमान ९०० मिमी रुंद, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, बाथरूमला न घसरणाऱ्या टाइल्स, धरायला बार. हे झालं तर बरेच अपघात टळतील.

---

शेवंती

@हिशोबी, नियमावली आली ते फार चांगलं झालं, आम्ही कित्येक वर्षं म्हणत होतो की व्हीलचेअर दारात अडकते. पण ती बिल्डरने विकायच्या घरांसाठी आहे. दरवाजा किती रुंद हे तिच्यात आहे, त्या दारातून रात्री दोन वाजता कोण आत येतं आणि आजींशी कसं बोलतं, हे कुठल्या नियमावलीत बघायचं?

मॅनेजरबद्दल बोलायचं तर तो बिलाला आणि मालकाला बांधलेला असतो, ती त्याची नोकरी आहे, त्यात त्याचा दोष नाही. तक्रार असलेल्या आजींनी तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर कुणाकडे जायचं? मोठ्या केंद्रात स्वतंत्र माणूस ठेवणं अवघड नाही. लहान दहा-पंधरा बेडच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस येणारी चालते. मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, इथले एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी फील्डवर्कला जागा शोधत असतात, तेही घेता येतात, फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला अनुभवी माणूस हवं.

एक सावधगिरी मात्र सांगते. काही ठिकाणी सोशल वर्कर या पाटीखाली बसलेली व्यक्ती प्रत्यक्षात ॲडमिशन आणायचं काम करते. ओळखायचं कसं, तर तिला एखाद्या रहिवाशाचं (नाव न घेता) मागच्या महिन्यात काय बदललं ते विचारा. खरंच काम करणारी बोलायला लागली की थांबत नाही.

---

रातराणी

शेवंतीताई +१००. आमचा अनुभव लिहिते, संस्थेचं नाव घेणार नाही.

सासूबाईंना डिमेन्शिया. आम्ही चार भावंडं म्हणजे माझे मिस्टर, दोन दीर आणि एक नणंद. पैसे दोघे देत होते, निर्णय तिसरा घेत होता आणि रोजचं मी बघत होते. पहिल्या ठिकाणी ठेवलं तिथे सगळं चकाचक, सोशल वर्कर नाही. सासूबाई संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायच्या, दार वाजवायच्या, दुसऱ्यांच्या खोलीत जायच्या. आम्हाला काही कळवलं नाही आणि एक दिवस सरळ फोन, तुमचा पेशंट इतरांना त्रास देतो, दोन दिवसांत घेऊन जा. ॲग्रीमेंटमध्ये तसा क्लॉज होता, आम्ही सही केली तेव्हा कुणी वाचून दाखवला नव्हता. त्या दोन दिवसांत घरात जी भांडणं झाली ती अजून पूर्ण मिटलेली नाहीत.

दुसऱ्या ठिकाणी एमएसडब्ल्यू झालेली एक मुलगी होती, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. तिने आधी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवलं, परदेशातल्या दिरांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि प्रत्येकाला विचारलं की तुम्ही महिन्यातून काय कराल, पैसे सोडून. कुणी फोन म्हणालं, कुणी दवाखान्याच्या फेऱ्या. ते तिने लिहून सगळ्यांना पाठवलं. मला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुम्ही शेवटचं पूर्ण रात्र कधी झोपलात, आणि मला रडू फुटलं. एवढी वर्षं डॉक्टर, नातेवाईक, शेजारी सगळे सासूबाईंची तब्येत विचारायचे.

आता संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिथे सासूबाईंना मेथी नाहीतर गवार निवडायला देतात. निवडलेली भाजी कधी वापरतात, कधी नाही. पण हात गुंतलेले असले की दार वाजवणं कमी होतं.

---

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असते, इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंसाठी आम्ही काहीजणांनी धावपळ केली त्यातून कळलं ते लिहिते. इथे सगळं सरकार बघतं असा भारतात समज असतो, तसं नाही. मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, तो असिस्टेड लिव्हिंगचा राहण्याचा, रोजच्या सांभाळण्याचा खर्च देत नाही, तो खिशातून जातो, आणि खिसा रिकामा झाला की मग मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, तेही प्रत्येक राज्याचं वेगळं. पण नर्सिंग होममध्ये १२० च्या वर बेड असतील तर पूर्णवेळ क्वालिफाइड सोशल वर्कर ठेवणं केंद्र सरकारच्या नियमाने सक्तीचं आहे. असिस्टेड लिव्हिंगला तो नियम लागू नाही, तिथे राज्यांचे नियम.

शिवाय प्रत्येक राज्यात ओम्बुड्समन असतो, नर्सिंग होम आणि असिस्टेड लिव्हिंगमधल्या लोकांच्या तक्रारी घ्यायला, संस्थेच्या बाहेरचा माणूस, त्याचा फोन नंबर भिंतीवर लावलेला असतो. काकू शाकाहारी, त्यांना रोज उकडलेल्या भाज्या आणि ब्रेड. सुरुवातीला त्या काही बोलल्याच नाहीत, कुणाच्या घरी राहतोय तर नावं कशी ठेवायची असा त्यांचा विचार. सोशल वर्करने वजन कमी होतंय बघून आम्हाला फोन केला, मग आम्ही मंडळातल्या बायकांनी आठवड्याचे वार वाटून घेतले, वरण-भात, पोळी, आणि किचनवाल्यांनाही खिचडी शिकवली. भारतात असा बाहेरचा तक्रार घेणारा कुणी आहे का?

---

कृष्णाकाठ

सगळं वाचतोय. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं पुण्या-मुंबईचं आणि अमेरिकेचं चाललंय. आमच्याकडे तालुक्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये येतात त्यावर म्हातारी माणसं आहेत, तेही कधी वेळेवर, कधी नाही. पोरगं पुण्याला कंपनीत, दहा बाय दहाच्या खोलीत राहतंय, ते आईला कुठं नेणार. शेजारच्या आत्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनचा खर्च ऐकून तसंच घरी आणलं, खाटेवर पडून पाठीला जखमा झाल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. त्यांना कुठलं असिस्टेड आणि कुठली सोशल वर्कर. महिना पन्नास हजारवाल्यांना सगळं मिळतंच की.

---

शेवंती

@कृष्णाकाठ दादा, राग कशाला, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आत्यांचं वाचून वाईट वाटलं. खुब्याच्या फ्रॅक्चरला बहुतेक वेळा लवकर ऑपरेशन करून उठवून बसवणं हाच उपाय असतो, झोपवून ठेवलं की छातीत कफ आणि पाठीला जखमा.

आणि नेमकं इथेच आमच्या क्षेत्राची गरज जास्त आहे. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना (नावात 'चॅरिटेबल' असो नसो) मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथे जाऊन कॅश काउंटरवर विचारू नका, मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात ते विचारा, रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. सरकारी हॉस्पिटलमध्ये याच कामाच्या पदाचं नाव समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय). सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार घेऊन कार्ड काढून ठेवा, पडल्यावर धावपळ नको.

@दूरदेशी, ओम्बुड्समनसारखं आपल्याकडे नाही. जे आहे ते असं. १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फोन फुकट, माहिती देतात, बोलतात, कुणाला टाकून दिलं असेल किंवा छळ होत असेल तर मदत पोचवायचा प्रयत्न करतात. आणि २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा. प्रांत ऑफिसला अर्ज करायचा, वकिलाशिवाय चालतं. मुलांनी महिन्याला १०,००० पर्यंत द्यावेत असा आदेश होऊ शकतो. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम सरकारने टप्प्याटप्प्याने उभा करावा असंही लिहिलंय. तुमच्या जिल्ह्यात तो आहे का हे दादा, समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचारा, एकट्याने नको, गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाला सोबत घ्या. फेस्कॉम म्हणजे या संघांचा महासंघ १९८० पासून आहे, त्यांच्या लोकांना असे खेटे घालायची सवय आहे.

आणि एक, हे सगळ्यांसाठीच. घर मुलाच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्रातच 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं लिहून घ्या. याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते पुढे रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेली नसेल तर फार त्रास होतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी आज्यांनी विश्वासाने नुसती सही केलेली असते.

---

सत्तरीपार

मी स्वतः अशा ठिकाणी राहते, तेव्हा राहणाऱ्यांच्या बाजूनेही कुणीतरी लिहावं म्हणून टाइप करते, बोटं हळू चालतात. निवृत्त शिक्षिका आहे, गुडघे गेलेत, डोकं ठीक आहे.

आमच्याकडे आधी असं होतं की कुणी गेलं तर रात्रीतूनच नेत असत आणि सकाळी विचारलं तर मावशी म्हणायच्या, त्या मुलीकडे गेल्या. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत पलंगावर नवी चादर. आम्ही काय लहान मुलं आहोत? माझी शेजारची मैत्रीण अशी गेली. माझी तिची रोजची पत्त्यांची जोडी, आणि मला दोन दिवस खोटं सांगितलं गेलं. नंतर ज्या सोशल वर्कर आल्या त्यांना मी हे रागाने बोलले. त्यांनी मालकांशी भांडून पद्धत बदलली. आता नाश्त्याच्या वेळी सांगतात, हॉलमध्ये फोटो ठेवतात, ज्यांना स्मशानात जायचंय त्यांना गाडीने नेतात. तीन-चार जण जातात. बाकीचे हॉलमध्ये बसून त्या माणसाबद्दल बोलतात.

दुसरं, पर्समध्ये माझे पाचशे रुपये असू द्यावेत. हरवतील म्हणून काढून घेतात. हरवले तर माझे हरवतील. दारावर टकटक करून आत यावं. मुलाशी माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्यासमोर बोलावं.

शेवटच्या आजारपणात व्हेंटिलेटर नको हेही मी लिहून ठेवलंय. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. मुलगा ऐकायलाच तयार नव्हता, 'आई असं नको बोलूस' एवढंच. त्या बाईंनी आम्हा दोघांना बसवून ते बोलणं पूर्ण करून घेतलं.

---

रातराणी

काकू, तुमचा प्रतिसाद आमच्या सगळ्या भावंडांना पाठवतेय.

---

कृष्णाकाठ

शेवंतीताई, धन्यवाद. आमच्या संघाची गुरुवारी बैठक असते, ती समाजकल्याणची गोष्ट तिथं मांडतो. आयुष्मान कार्डाचं शिबिर शाळेत लावता येईल का तेही बघतो. सत्तरीपार बाई, नमस्कार तुम्हाला.

---

मुठाकाठ

आम्ही एक ठिकाण जवळपास नक्की केलंय, तिथे सोशल वर्कर आहेत आणि त्या बाबांना भेटायला घरी येऊन गेल्या. मी त्यांना शेवंतीताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला, त्या बराच वेळ बोलल्या! बाबा पुढच्या आठवड्यात जातील. सोबत काय काय द्यावं? फाइल, औषधं, कपडे तयार आहेत.

---

शेवंती

@मुठाकाठ, डिस्चार्ज समरीची झेरॉक्स द्या, मूळ फाइल घरी ठेवा. चष्म्याचा नंबर लिहून द्या, कवळी आणि ऐकायच्या यंत्रावर नाव घाला, धुण्यात आणि ट्रेमध्ये याच दोन गोष्टी सगळ्यात जास्त हरवतात. मग एका कागदावर लिहा, बाबांना काय म्हणून हाक मारलेली आवडते, चहा किती वाजता आणि साखर किती, कुठल्या कुशीवर झोपतात, कशाची भीती वाटते, कुठल्या विषयावर बोलू नये, पेपर कुठला, आणि चिडले की घरात कोण शांत करायचं आणि कसं. तो कागद ऑफिसात देऊ नका, तिथे तो फाइलला लागून जाईल. दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही शिफ्टच्या मामांना स्वतः भेटून वाचून दाखवा, बाबांना शेजारी बसवून, म्हणजे काही चुकलं तर ते तिथेच दुरुस्त करतील. आणि पहिले पंधरा दिवस येऊ नका, सवय होऊ दे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, रोज जा, रात्रीच्या जेवणाच्या वेळी जा.